घरातील माराचे मोजमाप

‘आपण मुलांना मारता का?’ असे घरोघरी जाऊन विचारले, तर पुष्कळ पालक ‘नाही’ म्हणतील. ते खोटे बोलतील असे नव्हे. रागाच्या भरात दिलेली चापट ‘मार’ या शब्दात मोडते, हेच अनेकांच्या मनात येत नाही. म्हणून पाहणी करणारे हा प्रश्न असा विचारीत नाहीत.

युनिसेफच्या साहाय्याने अनेक देशांत १९९५ पासून कौटुंबिक पाहण्या होत आहेत. २००५ च्या सुमारास त्यांत मुलांच्या शिस्तीविषयीची प्रश्नावली आली. घरात अनेक मुले असल्यास त्यांपैकी एकाची निवड चिठ्ठी टाकावी तशी होते, पालकांच्या पसंतीने नव्हे. मग गेल्या एका महिन्यात घरातील कोणीही मोठ्यांनी त्या मुलाशी कसे वर्तन केले, हे एकेका कृतीचे नाव घेऊन विचारले जाते. चूक समजावून सांगितली का? आरडाओरडा केला का? ‘मठ्ठ’, ‘आळशी’ म्हटले का? गदागदा हलवले का? हातापायांवर चापट मारली का? पट्ट्याने वा काठीने मारले का?

शेवटी एक निराळा प्रश्न असतो: मूल नीट वाढवायचे तर शारीरिक शिक्षा आवश्यक आहे, असे आपणास वाटते का?

येथेच खरी विसंगती उघड होते. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील पाच वर्षांखालील सुमारे ४० कोटी मुले, म्हणजे दहापैकी सहा, घरी शारीरिक वा मानसिक हिंसक शिस्त सोसतात. त्यांपैकी सुमारे ३३ कोटींना शारीरिक शिक्षा होते. पण ती आवश्यक मानणारे पालक चारातील एकाहून थोडेच अधिक आहेत. याचा अर्थ, अनेक हात श्रद्धेने नव्हे, तर थकव्याने, रागाने वा केवळ सवयीने उठतात.

या पद्धतीला मर्यादाही आहे. उत्तर मोठी माणसे देतात, मूल नव्हे. स्मृती अपुरी पडते, संकोच आड येतो. त्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण याहून अधिक असण्याचा संभव आहे.

भारतात शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली. घराच्या उंबरठ्याआड मात्र आपली सदसद्विवेकबुद्धीच पहारा देते. आम्हांस वाटते, हेच प्रश्न आपण सर्वांनी आज स्वतःस, गेल्या एका महिन्यापुरते, प्रामाणिकपणे विचारून पाहावेत.