डोंगर चढायला नवस कशाला?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या बाईला चालायचं कुणी शिकवावं लागत नाही. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव ही शेवटची वाट माणसांनी फुलून जाते. १६-१७ किलोमीटरची ती वाट. साठीच्या बाया असतात, कडेवर लेकरू घेतलेल्या सुना असतात, पायात धड चप्पल नसलेल्याही असतात. पाऊस असो की चिखल, कुणी कुरकुरत नाही. घरी आल्यावर सासूबाई स्वतः पायांना गरम पाणी काढून देतात. पुण्य करून आली ना सून!

आता याच सुनेनं एक दिवस चहा घेताना सांगून पाहावं, "मला आठ-दहा दिवस हिमालयात चालायला जायचंय."

"बद्री-केदार का?" नाही. "अमरनाथ?" नाही. "मग वैष्णोदेवी असेल." तेही नाही. मग समोरचं माणूस कप खाली ठेवतं आणि विचारतं, "मग कशाला?"

मैत्रिणींनो, आजचा लेख या 'मग कशाला'बद्दल आहे.

बारा जणी, पाच महिने

२०२२ च्या मार्चमध्ये बारा बायका अरुणाचल प्रदेशात, म्यानमारच्या सीमेवरच्या पांगसौ खिंडीतून चालायला निघाल्या. अट एकच होती, वय पन्नासच्या पुढे हवं. त्यांच्या म्होरक्या होत्या बचेंद्री पाल, १९८४ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला. निघताना त्यांचं वय होतं ६७. आणि या बारा जणींत आपल्या विदर्भातल्याही एक होत्या, नागपूरच्या बिमला नेगी-देऊस्कर.

अरुणाचल, आसाम, उत्तर बंगाल, नेपाळ, उत्तराखंड, हिमाचल, लडाख असं करत त्या जुलैअखेरीला कारगिलजवळच्या द्रासला पोचल्या. जवळजवळ पाच महिने आणि सुमारे ४८०० किलोमीटर. वाटेत तीसहून जास्त खिंडी ओलांडल्या. नेपाळमधली थोरोंग ला ही खिंड ५४१६ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून जास्त.

बचेंद्रीताईंनी अशी मोहीम आधीही केली होती. १९९७ मध्ये आठ जणींना घेऊन त्या अरुणाचलपासून सियाचिनपर्यंत चालल्या होत्या. बरोबर पंचवीस वर्षांनी पुन्हा निघाल्या, आणि या खेपेला मुद्दाम पन्नाशी ओलांडलेल्यांना घेऊन. ज्या वयात आपल्याला सांगतात, "आता गुडघे सांभाळा, नातवंडं सांभाळा," त्या वयात.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. शिखर चढायचं म्हटलं की एक दिवस, एक झेंडा, एक फोटो. लांबच्या वाटचालीत तसं काही नसतं. रोज पहाटे उठा, अंथरूण गुंडाळा, पाणी भरा, चाला, ओले मोजे वाळत घाला, जेवा, झोपा. उद्या पुन्हा तेच. कालचं किती झालं याचं कौतुक नाही, उद्याचं किती उरलं याची रड नाही. असा नेम कुणाच्या अंगवळणी पडलेला असतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

बर्फ न पाहिलेल्या देशांतून

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. डोंगराळ मुलखात बर्फ इतकं साचतं की पाय मांडीपर्यंत रुततो. तिथे लोक पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधतात, दोन्ही हातांत काठ्या घेतात आणि बर्फावरून सरकत पुढे जातात. हेच स्कीइंग. सिनेमात दिसतं ते उतारावरून झूमकन खाली येणं. पण दिवसचे दिवस, सामान बरोबर घेऊन, तंबूत राहत केलेला स्कीचा प्रवास वेगळा. तो चालण्याचाच भाऊ म्हणा.

२००९ मध्ये रीना कौशल धर्मशक्तू अशाच दक्षिण ध्रुवावर गेल्या. स्कीवरून तिथे पोचणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. राष्ट्रकुलातल्या वेगवेगळ्या देशांतल्या बायकांची ती तुकडी होती, म्होरक्या होत्या ब्रिटनच्या फेलिसिटी ॲस्टन. सामानानं भरलेली घसरगाडी कमरेला बांधून ओढत त्यांनी सुमारे ९०० किलोमीटर अंतर ३८ दिवसांत कापलं. त्या तुकडीत ब्रुनेईची बाई होती, सिंगापूरची होती. म्हणजे असे देश, जिथे बर्फ दिसतं ते फक्त फ्रिजमध्ये. आपल्या मलकापूर-नांदुऱ्यासारखंच की!

राजूर घाटात सात किलो डाळ

हे सगळं मोठ्या बायकांचं झालं. माझी उडी लहानशी आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

२०१८ च्या मे महिन्यात मी हिमाचलमधल्या सार खिंडीचा ट्रेक केला. उंची सुमारे १३,८०० फूट. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियातर्फे तो तेव्हा होत होता. जाऊन-येऊन पंधरा दिवस. पैसे माझ्या भिशीचे. वीस हजारांची भिशी लागली होती, तिचं काय करायचं यावर घरात प्रत्येकाचं मत होतं. कूलर, पडदे, मोठ्या मुलाची क्लासची फी. मी म्हटलं, या वेळची भिशी माझी.

तयारी केली ती राजूर घाटात. तीन महिने, रोज पहाटे, शेजारच्या मैत्रिणीला सोबत घेऊन. घाट उतरायचा आणि परत बुलढाण्यापर्यंत चढायचा. पाठीवर मुलाची शाळेची बॅग, आत सात किलो तुरीची डाळ. दुधाच्या गाड्यावाले थांबून विचारायचे, "काहून व ताई, एस्टी हुकली काय?" आठवडाभर आम्ही उत्तर दिलं. मग त्यांनाच सवय झाली.

मलकापूरहून भुसावळ, तिथून दिल्ली, दिल्लीहून बसनं भुंतर आणि मग कसोल. स्टेशनवर झळांनी तोंड भाजत होतं, आणि कसोलला उतरल्यावर स्वेटर. पहिले दिवस तिथेच काढतात, शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून. वर हवा विरळ होत जाते, श्वासातून प्राणवायू कमी मिळतो. घाईनं चढलं की डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. भरपूर पाणी प्यायचं, सावकाश चढायचं, आणि त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचं. वर जाऊन सहन करणं हा तिथे शहाणपणा नाही. सहन करण्याचं इतकं कौतुक ऐकत मोठं झालेल्या आपल्यासारख्यांना हे मुद्दाम शिकावं लागतं.

ग्रहण गाव, मिन थाच, नगारू असे मुक्काम करत चढलो. खिंडीच्या दिवशी रात्री दोन वाजता उठवलं. पहाटे बर्फ टणक असतं, पाय रुतत नाही. ऊन चढलं की ते भुसभुशीत होतं, म्हणून अंधारातच निघायचं. वाटाड्या बुटाच्या टाचेनं पायऱ्या पाडत पुढे, आणि त्याच्या पावलात पाऊल ठेवत आम्ही चाळीसेक जण मागे, मुंग्यांच्या रांगेसारखे. कुणी बोलत नव्हतं. बोलायला श्वासच नव्हता.

उजाडलं तेव्हा माझ्या एक लक्षात आलं. चार-पाच तास झाले होते आणि मला कुणी हाक मारली नव्हती. "आई, सॉक्स कुठंयत," "अगं, माझा चष्मा," "सूनबाई, गोळी दे," यातलं काहीच नाही. लग्नाला वीस वर्षं झाली होती. जागेपणी सलग इतका वेळ बिनहाकेचा मला आठवेना.

पलीकडची बाजू स्की न बांधता उतरलो. बसायचं, पाय लांब करायचे आणि सोडून द्यायचं. बर्फाची घसरगुंडी! पंचेचाळिसाव्या वर्षी मी ओरडत खाली गेले आणि खाली पोचल्यावर चक्क विचारलं, "परत जाता येतं का वर?"

बायकांचे प्रश्न

परत आल्यावर बायकांनी एकेकटीनं गाठून जे विचारलं, ते इथे मोकळेपणानं सांगते.

झोपायचं कुठे? आमच्या ट्रेकला बायकांचे तंबू वेगळे होते. संडासचं काय? मुक्कामाला आडोसा आणि खड्डा असतो. वाटेत दोघीतिघींनी मिळून जायचं, एकीनं पाठ करून उभं राहायचं. शेताला जाणाऱ्या बाईला यात नवीन काही नाही. पाळी आली तर? आमच्या तंबूत दोघींची आली. वापरलेली पॅड कागदात गुंडाळून पिशवीत ठेवायची आणि खाली आणायची, डोंगरात टाकायची नाहीत. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बाकी, त्या दोघी आमच्यातच जेवल्या, आमच्यातच झोपल्या. डोंगरात कावळा शिवत नाही!

कपडे? सुती कपडे घामानं भिजले की अंगावरच गार पडतात, म्हणून पटकन वाळणारे घ्यायचे. एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर बरे. बर्फावर काळा चष्मा हवाच, नाहीतर डोळे भाजल्यासारखे चुरचुरतात. आणि रक्तदाब, शुगर, थायरॉईड असेल तर डॉक्टरांना दाखवून मगच नाव नोंदवायचं.

प्रसाद

मी गेले तेव्हा जाऊबाईंनी मला सांभाळून घ्यायचं म्हणून गल्लीत सांगून टाकलं होतं, "वैष्णोदेवीला गेली." नवऱ्याशिवाय, घरच्या कुणाशिवाय बाई पंधरा दिवस कुठे गेली, याला तेवढं एकच उत्तर चालणार होतं. परतल्यावर शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या, "प्रसाद दे थोडा."

जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या. घरात साखरफुटाणे होते. दोन दाणे दिले असते तर विषय मिटला असता. मी म्हटलं, "काकू, मी देवीला नव्हते गेले. बर्फात चालायला गेले होते." काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नुसतं चालायला?" मी म्हटलं, "नुसतं चालायला." मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्या घसरगुंडीच्या फोटोपाशी थांबल्या. वाटी रिकामीच घेऊन गेल्या. दोन दिवसांनी आल्या आणि हळूच विचारलं, "त्याला वयाची अट असते का गं?"

वाघाला कोण विचारतं?

२०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरणा वाघ आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. गळ्यात पट्टा होता म्हणून कळलं, पाच महिन्यांत त्यानं १३०० किलोमीटर चाल केली होती, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत. जिल्ह्यानं त्याचं कोण कौतुक केलं! आपली जागा शोधत निघाला, म्हणाले. "मग कशाला" असं त्याला कुणी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मी विसरू शकत नाही. आपल्या जळगाव जामोद, संग्रामपूरच्या वर सातपुड्यात ज्या आदिवासी वस्त्या आहेत, तिथल्या बाया बाजारासाठी, दवाखान्यासाठी डोंगर उतरतात आणि परत चढतात. डोक्यावर ओझं घेऊन. त्यांना जाऊन चालण्याचं सुख सांगणं हा वाह्यातपणा होईल. त्यांना रस्ता हवा, दवाखाना जवळ हवा. चालायचं की नाही हे ठरवायची मुभा त्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही, फक्त दोन्हीकडची कारणं वेगळी. त्यांच्यावर चालणं लादलेलं आहे, आपल्याला ते मागावं लागतं.

हिमालयच गाठा असं माझं म्हणणं नाही. दिवाळीनंतर थंडी पडली की चौघीजणी मिळून घराजवळचा घाट चढून बघा. नेम एक महिना टिकला तर कळसूबाईचा विचार करा. तो जमला तर पुढचं तुमचं तुम्हालाच सुचेल. भिशीचा एखादा हप्ता स्वतःच्या नावावर ठेवा. आणि वाटेत कुणी विचारलं, "कोणत्या देवाला निघालात बाई?" तर खोटं सांगू नका. सांगा, "देवाला नाही. चालायला."