जीपच्या पेटीतील वहीच्या पानाएवढी फट

चिखलात रुतलेली जीप चारही चाकांच्या जोरावर बाहेर येते. हा जोर चाकांपर्यंत पोचतो कसा? गिअरपेटीच्या मागे आणखी एक लहान पेटी असते. तिचे नाव ट्रान्सफर केस. इंजिनाची शक्ती ती पुढच्या व मागच्या चाकांना वाटून देते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये तिच्या 'लो' गिअरचे गुणोत्तर १.९७ : १ होते. म्हणजे वेग जवळजवळ निम्मा, पण पीळ जवळजवळ दुप्पट!

ही पेटी घरीही खोलून जुळवता येते. मात्र हत्यारे योग्य हवीत. हातोडीने ठोकल्यास बेअरिंगचे कडे तडकू शकते. पुलरने ते सरळ निघते. मधल्या दंतचक्रात सुयांसारखे बारीक रोलर असतात. ते ग्रीसमध्ये चिकटवून आत त्याच जाडीचा आखूड खोटा दांडा ठेवतात. खरा दांडा आत सरकवत नेला, की खोटा आपोआप बाहेर पडतो. युक्ती सोपी आहे, नाही का?

आता खरी परीक्षा! मागचा शाफ्ट मागेपुढे किती हलतो, ते डायल गेजने मोजायचे. ०.१ ते ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांच्या जाडीएवढी ढिलाई हवी. जास्त भरली तर झाकणाखालची एखादी पातळ शिम काढायची. कमी भरली तर घालायची. ढिलाई मुळीच नसेल, तर पोलाद तापून फुगते आणि बेअरिंग जळते. ती फार असेल, तर दाते लवकर झिजतात.

नुसत्या जॅकवर उचललेल्या जीपखाली मात्र कधीही शिरू नका. आणि लक्षात ठेवा, हात कितीही सरावलेला असो, शेवटचा निर्णय मोजमापाचाच!