दुखरे डोके आणि चेपणारे हात : वर्धा परिसरातील उपचारांचा मागोवा

नागपूर–अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव संत्र्याच्या आणि कापसाच्या पट्ट्यात येते. या पट्ट्यातील कष्टाचे स्वरूपच असे आहे की मान आणि खांदे क्वचितच सैल पडतात. कापूस वेचताना मान तासन्‌तास खाली झुकलेली असते, तर डोईवर चुंबळ ठेवून मोळी किंवा घागर वाहताना ती ताठ धरावी लागते. अशा कामानंतर कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंनी दुखणारे डोके घरोघरी ओळखीचे आहे, आणि त्यावर हातांनी केलेला उपाय हा औषधाच्या गोळीपेक्षा कितीतरी जुना आहे.

कोमट तेल टाळूवर जिरवणे, कानशिले चेपणे, कपाळाला फडके आवळून बांधणे या घरगुती रीतींना आयुर्वेदात शास्त्रीय चौकट मिळालेली दिसते. डोक्यावर तेल वापरण्याच्या विधींना ‘मूर्धतैल’ म्हणतात आणि वाग्भटाने त्याचे अभ्यंग, परिषेक, पिचू आणि बस्ती, म्हणजे अनुक्रमे तेल चोळणे, त्याची धार धरणे, तेलात भिजवलेला कापूस ठेवणे व डोक्यावर बसवलेल्या पट्ट्यात तेल साठवणे, असे चार प्रकार सांगितले आहेत. वर्धा परिसरात या जुन्या प्रवाहाला निसर्गोपचाराची जोड मिळाली ती गांधीजींमुळे. १९३६ मध्ये ते शेगाव या खेड्यात राहावयास आले, १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले, आणि तेलाचे मालिश व मातीची पट्टी हे त्यांच्या दिनक्रमाचेच भाग होते. डोकेदुखीवर मातीचा लेप बहुतेकांना गुणकारी ठरल्याचा अनुभव त्यांनी आरोग्यविषयक लिखाणात नोंदवला आहे, मात्र तो अनुभव आहे, चाचणी नव्हे. पुढे त्याच सेवाग्रामात कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

याच काळात जगभरात या दुखण्याचा अर्थ मात्र बदलत गेला. १९६२ च्या अमेरिकी वर्गीकरणात त्याला स्नायूंच्या आकुंचनाची डोकेदुखी म्हटले होते. परंतु स्नायूंतील विद्युत हालचाल मोजली असता आकुंचन आणि वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही असे आढळले, आणि १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने ‘ताणजन्य’ हा सावध शब्द स्वीकारून कारणाचा निर्णय मोकळा ठेवला. तिच्या निकषांनुसार हे दुखणे सौम्य ते मध्यम असते, चालण्याने वाढत नाही, अधूनमधून येणाऱ्या प्रकारात अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकते, आणि महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालल्यास जुनाट समजले जाते. कवटीभोवतालचे स्नायू दाबल्यावर दुखणे ही मात्र सातत्याने आढळणारी खूण होय, आणि हाताने करावयाच्या उपचारांचा खरा आधार तीच आहे.

या उपचारांतील सर्वांत नेमके तंत्र कवटीच्या तळाशी केले जाते. रुग्ण उताणा झोपतो, उपचारक त्याच्या डोक्यापाशी बसून दोन्ही हातांची बोटे वर वळवून मानेच्या वरच्या टोकाशी, कवटीच्या हाडाच्या कडेखाली टेकवतो आणि डोक्याचा भार त्या बोटांवर आपोआप येऊ देतो. दाब द्यावयाचा नसतो, काही मिनिटे वाट पाहिली की आखडलेले छोटे स्नायू सैल पडू लागतात. या स्नायूंपैकी एकाचा मेंदूच्या आवरणाशी ऊतींचा दुवा असल्याचे १९९५ मध्ये दाखवले गेले आणि या तंत्राच्या पुरस्कर्त्यांनी ते उचलून धरले, पण त्या दुव्यामुळेच वेदना होते असे अद्याप सिद्ध झालेले नाही. दुसरे तंत्र जेनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांच्या १९८३ च्या ग्रंथामुळे रूढ झाले. खांद्यावरील स्नायू चिमटीत धरून त्यातली ताठर गाठ दाबली की कळ कानशिलापर्यंत जाते, आणि तो दाब धरून ठेवल्यास ती ओसरते, असे त्यात मानले जाते.

पुरावा तपासताना उत्साहाला आवर घालावा लागतो. १९९८ मध्ये डेन्मार्कमधील ७५ जणांच्या चाचणीत दोन्ही गटांना स्नायूंचे मर्दन मिळाले आणि एका गटाला शिवाय मानेचे मणके झटक्याने हलवण्याचा उपचार. दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले, झटक्याने मात्र अधिक लाभ झाला नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समधील ८२ जुनाट रुग्णांत मणक्यांची हलकी हालचाल, व्यायाम आणि बैठकीची सुधारणा यांनी नेहमीच्या डॉक्टरी उपचारांपेक्षा अधिक गुण दिला; याउलट २०१५ च्या एका अमेरिकी चाचणीत गाठींचे मर्दन आणि बंद ठेवलेले ध्वनिलहरींचे यंत्र यांचा परिणाम जवळपास सारखाच दिसला. म्हणजे स्पर्श, लक्ष आणि अपेक्षा यांचाही त्यात वाटा आहे, आणि केवळ म्हणून त्याला फसवणूक म्हणणे उतावळेपणाचे होईल.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे पद्धतशीर शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकात सुरू झाले; आज वर्ध्यालगत सावंगी (मेघे) येथे स्वतंत्र महाविद्यालय असल्याने हे ज्ञान कारंज्याच्या रुग्णाला जिल्ह्यातच उपलब्ध आहे. जुन्या चंपीशी तुलना करता या शिक्षणाची भर मुख्यतः कोठे हात लावू नये हे सांगण्यात आहे. सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडण्याची रीत अजूनही सर्रास दिसते, आणि तशा झटक्याने मानेतील रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. तितकीच सावधगिरी फवारणीच्या हंगामात हवी, कारण पाठीवर पंप घेऊन कीटकनाशक फवारल्यानंतर मळमळ, घाम किंवा अंधुक दृष्टी यांसह उठलेली डोकेदुखी ही ताणजन्य मानून चेपत बसण्याची नसून, अंगावरचे कपडे बदलून, अंग धुऊन तत्काळ दवाखाना गाठण्याची असते.