खर्ची वाचवण्यासाठी सोडलेले जेवण

दिवाळी झाली की रायगड, ठाणे, पालघर जिल्ह्यांतील कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. पावसाळ्यात घर चालवण्यासाठी शेठकडून बयाणा घेतलेला असतो, तो विटा पाडून फेडायचा. भट्टीवर आठवड्याला हातात पडते ती खर्ची, आणि तीही शेवटच्या हिशोबात वळती होते. त्यामुळे प्रत्येक जोडीची धडपड एकच असते: खर्ची कमी उचलायची, म्हणजे हंगाम संपताना अंगावर बाकी राहणार नाही. तेलात आणि सुकटीत काटकसर करून झाली, की कमी करण्यासारखे उरते ते एक वेळचे जेवण.

आपल्या मंडळीत उपवासकाळ पाळणारे बंधुभगिनी पुष्कळ आहेत, त्यामुळे एखादे जेवण सोडल्याने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. पण आपला उपास आपण ठरवतो, आणि तो सोडताना घरात ताट तयार असते. भट्टीवरच्या बाईच्या अंगात साठाच नसतो.

जेवल्यानंतर काही तास शरीर त्याच जेवणावर चालते. मग यकृतातील साखरेचा साठा वापरला जातो. तो रात्रभरात बराचसा संपतो. त्यानंतर चरबी जळू लागते, आणि अंगावर चरबी फारशी नसली तर स्नायू झिजतात. विटा पाडण्याचे काम अनेक ठिकाणी पहाटेच्या अंधारातच सुरू होते, कोऱ्या चहाच्या घोटावर. म्हणजे साठा जेव्हा सर्वांत कमी, तेव्हाच सर्वांत जड काम. हातपाय थरथरणे, चक्कर, डोके दुखणे यांचे कारण पुष्कळदा एवढेच असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे जड काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे २७२० कॅलरी लागतात, गरोदर असेल तर आणखी ३५०. आपल्या कातकरी बहिणींचे वजन बहुधा याहून कमी असते, तेव्हा आकडा थोडा खाली येईल; पण एक जेवण गेल्यावर पडणारी तूट दुसऱ्या जेवणात भरून निघत नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी बसणारी तीच असते.

भूक मारायला मग चहा, तंबाखू, मिश्री. जेवणासोबतचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, त्यामुळे आधीच कमी असलेले रक्त आणखी कमी होते. गरोदरपणात अपुरे अन्न आणि तंबाखू एकत्र आले, की अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका वाढतो. लहान मुलाचे पोटच इवलेसे. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे लागते, आणि आई मातीत गुंतलेली असते.

क्षयरोगाचा संबंधही इथेच आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा जादा शिधा देऊन पाहिला. त्या घरांत नव्याने होणारा क्षय जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षय टाळण्याचे बळ डाळ-तांदळातही आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता खर्चीचा हिशोब पाहू. मजुरी हजार विटांवर मिळते. अंगात त्राण नसले तर विटा कमी पडतात. आजारी पडले तर तो दिवस बुडतो आणि दवाखान्यासाठी पुन्हा उचल घ्यावी लागते. वाचवलेले पैसे असे बयाण्यातच परत जातात. तरीही या लोकांना अडाणी म्हणण्याचा मोह टाळावा. कर्ज डोळ्यांसमोर दिसते, झिजलेले स्नायू दिसत नाहीत.

नाताळच्या वेळी भट्टीवर गोडधोड आणि कांबळी पोहोचवणाऱ्या सर्वांचे आम्ही आभारी आहोत. मात्र ओढ लागते ती त्यानंतर, जानेवारी ते मे. त्या महिन्यांत तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल असा शिधा अधिक उपयोगी पडतो. पहाटे कामाला लागण्याआधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा पोटात गेला तरी फरक पडतो.

आणखी एक काम पैशाशिवाय होते. एक देश, एक रेशन कार्ड या व्यवस्थेमुळे भट्टीजवळच्या रेशन दुकानातूनही धान्य मिळते. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. काही धान्य भट्टीवर आणि उरलेले गावी म्हाताऱ्या आईवडिलांनी, असे वाटूनही उचलता येते. त्यासाठी कार्ड आधारशी जोडलेले हवे. गरोदर बाई व लहान मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत घालावी लागतात, आणि बाहेरगावची म्हणून कोणी टाळले तर सोबत जाऊन बोलणारे माणूस लागते. ज्यांच्या गावाजवळ भट्टी आहे त्यांनी महिन्यातून एक सकाळ यासाठी द्यावी. आपले नाव पाळकसाहेबांकडे नोंदवा. कोणत्या भट्टीवर कधी जायचे ते कार्यकर्त्या कळवतील.