विश्लेषण : पोकरचा डाव निष्पक्ष राहतो तो कसा?

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. टेबल चालवणारा कॅसिनो जमलेल्या रकमेतून ठरलेला वाटा, म्हणजे ‘रेक’, कापून घेतो. त्यामुळे इथे निष्पक्षतेचा प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतो : जे पत्ते कोणाला दिसायला नकोत, ते खरोखर कोणालाच दिसत नाहीत ना? टेबलावरचे अनेक विचित्र वाटणारे नियम याच प्रश्नातून जन्मले आहेत. डाव संगणकावर गेल्यावर मात्र यातले बरेचसे नियम खेळाडूच्या नजरेआड गेले.

मुळात डाव कसा असतो?

‘टेक्सास होल्डम’ या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात. नंतर टेबलावर आधी तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक असे पाच सामाईक पत्ते उघडतात. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावले जातात. सात पत्त्यांतून ज्याचे पाच सर्वोत्तम जुळतील, तो जिंकतो. किंवा बाकी सर्वांनी पत्ते टाकून दिले, की उरलेला जिंकतो. समोरच्याचा एक पत्ता कळला तरी पारडे फिरते.

पत्ते पिसण्याची पद्धत ठरलेली का?

घरी तीन पत्ती खेळताना कोणीही चार हात मारून पत्ते पिसतो. कॅसिनोत डीलर स्वतः खेळत नाही आणि त्याला पिसण्याचा क्रमही ठरवून दिलेला असतो. नवा कॅट आधी टेबलावर पसरून कालवायचा, मग दोन भाग एकमेकांत गुंफून पिसायचे आणि शेवटी काटायचे. काटल्यावर तळाशी प्लॅस्टिकचे कोरे कार्ड ठेवतात, म्हणजे तळपत्ता कोणाच्या नजरेस पडत नाही. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिले, की गुंफून पिसण्याची पद्धत वापरल्यास ५२ पत्ते पुरेसे मिसळायला साधारण सात वेळा पिसावे लागते. दोन-तीनदा पिसल्यावर जुन्या क्रमाच्या खुणा शिल्लक राहतात.

एक पत्ता बाजूला का टाकतात?

सामाईक पत्ते उघडण्यापूर्वी दर टप्प्याला डीलर वरचा पत्ता न दाखवता बाजूला टाकतो. पैसे लावणे सुरू असताना त्या पत्त्याची पाठ सर्वांसमोर असते. तिच्यावर नखाची खूण असेल किंवा कोपरा दुमडलेला असेल, तर एखाद्याला तो पत्ता ओळखता येतो. तो बाजूला गेला, की ती ओळख बरीचशी निरुपयोगी ठरते.

बोलण्यावर बंधने कशासाठी?

स्पर्धांच्या नियमांत एकवाक्यता यावी म्हणून २००१ मध्ये ‘टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन’ स्थापन झाली. तिचे नियम आज अनेक देशांत प्रमाण मानले जातात. आपल्या पाळीला उच्चारलेला शब्द बंधनकारक असतो. चिप्स एकाच वेळी पुढे सरकवाव्या लागतात किंवा रक्कम आधी सांगावी लागते. थोड्या सरकवायच्या, समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग आणखी टाकायच्या, हे चालत नाही. डाव सुरू असताना सल्ला देणे निषिद्ध असते. टेबलावर कोणती भाषा चालेल हेही आयोजक जाहीर करतात, नाहीतर दोन मित्र तिसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत पत्ते सांगू शकतील. रोख रकमेच्या टेबलावर डाव सुरू झाल्यावर खिशातून नवे पैसे काढता येत नाहीत. त्यामुळे केवळ पैशाच्या जोरावर कोणाला डावाबाहेर ढकलता येत नाही.

संगणकाचे पिसणे कसे फसले?

५२ पत्त्यांच्या शक्य रचनांची संख्या आठवर ६७ शून्ये इतकी प्रचंड आहे. पण संगणक एका सुरुवातीच्या संख्येवरून, म्हणजे ‘सीड’वरून, गणित करून पत्ते पिसतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील ‘रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज’च्या तज्ज्ञांनी एका प्रचलित पोकर सॉफ्टवेअरची तपासणी केली. आपले पिसणे निष्पक्ष आहे हे दाखवण्यासाठी ते तयार करणाऱ्या कंपनीनेच त्याची पद्धत जाहीर केली होती. त्यात सीड म्हणून मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद वापरले होते. दिवसात ते फक्त ८ कोटी ६४ लाख असतात. सर्व्हरच्या घड्याळाशी वेळ जुळवल्यावर शक्यता सुमारे दोन लाखांवर आल्या. आपले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते पडताळले, की बाकी सर्वांचे पत्ते आणि पुढे उघडणारेही कळत. तेही डाव सुरू असतानाच.

पिसणे निर्दोष असले, की पुरते?

नाही. २००७ मध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’ आणि पाठोपाठ २००८ मध्ये ‘अल्टिमेट बेट’ या संकेतस्थळांवर आतल्या व्यक्तींनी इतरांचे झाकलेले पत्ते पाहून खेळल्याचे उघड झाले. संशयाला सुरुवात नियामकाच्या तपासणीतून झाली नव्हती. काही खात्यांचे जिंकण्याचे प्रमाण अशक्य वाटल्याने खेळाडूंनीच डावांच्या नोंदी तपासल्या. नंतर कॅनडातील कानवाके गेमिंग कमिशनने दोन्हींना दंड केला. म्हणूनच पिसण्याच्या प्रणालीची बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासणी जितकी महत्त्वाची, तितकीच प्रत्येक डावाची नोंद खेळाडूच्या हाती असणेही महत्त्वाचे.

भारतात स्थिती काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. त्यात कौशल्य आणि नशीब असा भेद नाही, त्यामुळे पोकरही त्यात आले. त्यानंतर देशातील मोठ्या मंचांनी असे खेळ बंद केले. कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना, त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यांना, खेळणाऱ्यांना नाही. गोव्यात मांडवीतील कॅसिनो जहाजांवर परवान्याने टेबले चालतात.

परदेशातून चालणाऱ्या संकेतस्थळांकडे वळणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. टेबलावर गैरप्रकार दिसला तर डाव तिथेच थांबवून टेबलप्रमुखाला बोलावता येते. पडद्यापलीकडे पत्ते कोणी, कसे पिसले हे खेळाडूला दिसत नाही. तिथे पैसे बुडाले, तर दाद मागायला इथे कोणीच नसते.