पुस्तकाचीही उलटतपासणी घ्या

आम्ही वकिली करतो. साक्षीदार आपल्या बाजूचा असला, तरी त्याचे म्हणणे पुराव्यावर टिकते का हे आम्ही आधी तपासतो. विज्ञानाची पुस्तके वाचतानाही हीच सवय हवी. पोथी फेकून दिली आणि पुस्तकाचीच पोथी केली, तर बदलले काय?

एक उदाहरण घेऊ. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल मॉर्टन या अमेरिकन डॉक्टराने शेकडो कवट्या मोजून वंशांची उतरंड मांडली. गोरे वर, काळे खाली! १९८१ साली स्टीफन जे गुल्ड या शास्त्रज्ञाने ‘द मिसमेझर ऑफ मॅन’ हे सामान्य वाचकांसाठीचे पुस्तक लिहून या उतरंडीवर घाव घातला. मॉर्टनचा पूर्वग्रह नकळत त्याच्या मापांतही शिरला, असे त्याचे म्हणणे. जातीच्या उतरंडीखाली पिढ्यान्‌पिढ्या भरडलेल्या आम्हाला हे पुस्तक आपलेच वाटले. पण २०११ मध्ये संशोधकांनी त्या संग्रहातील तीनशेहून अधिक कवट्या पुन्हा मोजल्या. मॉर्टनची मापे बहुतांशी बरोबर निघाली. गुल्डने स्वतः कवट्या मोजल्याच नव्हत्या!

मग उतरंड खरी ठरली काय? मुळीच नाही. पुन्हा मोजणाऱ्यांनीही तसा दावा केला नाही. कवटीच्या मापावरून माणसांच्या समूहाची लायकी ठरत नाही. माप वेगळे, त्यातून काढलेला निष्कर्ष वेगळा. हा फरक ज्याला कळला, त्याला कोणी फसवू शकत नाही.

बाबासाहेबांनी हेच केले. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाच्या मापावरून जातींचा दर्जा सांगितला होता. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी नाकाचीच मापे तपासली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे दाखवून दिले. विरोधकांचे हत्यार त्यांनी नुसते नाकारले नाही, ते तपासून उलटवले.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. या यादीत आमचा आवडता लेखकही येतो.

तेव्हा बांधवांनो, रविवारी विहारात वंदनेनंतर विज्ञानाच्या पुस्तकाचे एक प्रकरण मोठ्याने वाचा. मग तीन प्रश्न विचारा: हे कोणी तपासले? कसे तपासले? निष्कर्ष पुराव्याच्या पुढे तर गेला नाही ना? शंका विचारणाऱ्या पोराला गप्प बसवू नका. ‘शिका’ या आदेशाचा अर्थ पाठांतर नव्हे!