रस्ट भाषेतील ‘बिल्डर’ रचनाबंध

मराठी वाक्यात पदांचा क्रम पालटला तरी विभक्तिप्रत्ययांमुळे कर्ता व कर्म ओळखू येतात. संगणकप्रणालींच्या लेखनासाठी योजिलेल्या रस्ट भाषेत (पहिली स्थिर आवृत्ती २०१५) फंक्शनला पुरविलेल्या मूल्यांना अशी खूण नसते. त्यांचा अर्थ स्थानावरून ठरतो. अनुक्त मूल्याच्या जागी ठरीव मूल्य गृहीत धरण्याची सोयही तीत नाही. आठदहा ऐच्छिक मूल्यांची वस्तू घडवावयाची असता ही उणीव जाणवते. तेथे १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथातील ‘बिल्डर’ रचनाबंध उपयोगी पडतो. प्रत्येक मूल्य स्वतःच्या नावाच्या मेथडीने दिले जाते व अखेरची मेथड वस्तू सिद्ध करते. दोनतीन मूल्यांसाठी मात्र हा खटाटोप व्यर्थच होय.

रस्टमध्ये खरा प्रश्न बिल्डरच्या स्वामित्वाचा आहे. प्रमाण ग्रंथालयातील ‘कमांड’च्या मेथडी बिल्डर केवळ उसना घेतात. त्यामुळे एकच आज्ञा पुनःपुन्हा चालविता येते. परंतु नवा बिल्डर घडवून, त्याच विधानात ‘आर्ग’ लावून, आलेला उसना संदर्भ चलात साठविला आणि पुढे वापरला, तर कंपायलर हरकत घेतो. कारण मूळ वस्तू विधानासरशी नष्ट झालेली असते. ‘थ्रेड’चा बिल्डर याउलट प्रत्येक मेथडीच्या स्वाधीन होऊन परत मिळतो, कारण त्यातील नाव अखेर नव्या थ्रेडच्याच मालकीचे व्हावयाचे असते. परत मिळालेली वस्तू चलात ठेवण्यास विसरल्यास जुना चल पुन्हा वापरता येत नाही.

अनिवार्य मूल्य राहून जाण्याचे भय उरतेच. ‘कमांड’ने ते आरंभीच टाळले आहे: चालवावयाच्या प्रोग्रामचे नाव दिल्यावाचून तिचा बिल्डर निर्माणच होत नाही.